मुलगा रात्रभर 'बुलेट' खेळतो, शाळा सोडायची म्हणतो

प्रश्न : मुलगा नववीत आहे, मराठी माध्यमात. दोन वर्षांपासून मोबाइलवर बुद्धिबळ खेळतोय. एकेका मिनिटाचे डाव (त्यांनाच 'बुलेट' म्हणतात), रात्री एक-एक वाजेपर्यंत. ऑनलाइन बुलेट रेटिंग २१०० च्या वर गेलंय म्हणतो. अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा याचे व्हिडिओ बघतो, 'मलाही तेच करायचंय, शाळा सोडतो, बेंगळुरूच्या अकॅडमीत घाला' असा हट्ट धरलाय. अकॅडमीवाल्यांचा फोनही येऊन गेला, वर्षाची फी आगाऊ भरा म्हणाले. मागे बेळगावला एका स्पर्धेत नेलं होतं. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे डाव होते, त्यात बहुतेक हरला. तिथल्या एका सरांनी सांगितलं, हरलेल्या प्रत्येक डावात याच्या घड्याळात वीसेक मिनिटं शिल्लक होती. मिस्टर म्हणतात, मोबाइल काढून घ्या, विषय संपला. मला स्वतःला बुद्धिबळ येत नाही. काय करावं?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या सरांचं आहे. पंचवीसपैकी वीस मिनिटं शिल्लक ठेवून हरणारा मुलगा कमकुवत नसतो. विचार करायला वेळ मिळाला तर त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच. हे शिकता येतं आणि नववीतल्या मुलाला तर नक्कीच येतं. म्हणून आधी मनावरचं ओझं थोडं उतरवा.

आता रेटिंगचं, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याचं. ऑनलाइन बुलेटमध्ये २१०० ही काही फालतू गोष्ट नाही. त्याची नजर तेज आहे, डावपेच त्याला पटकन दिसतात. पण हा आकडा त्या वेबसाइटचा आहे, जागतिक संघटनेचा म्हणजे फिडेचा नाही. फिडे क्लासिकल (लांब डाव), रॅपिड (जलद) आणि ब्लिट्झ (अतिजलद) अशी तीन वेगवेगळी रेटिंग देते. मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या डावाला त्यात जागा नाही. ग्रँडमास्टर हा सर्वोच्च किताब मिळवायचा तर क्लासिकलमध्ये २५०० चा टप्पा गाठावा लागतो आणि नॉर्म, म्हणजे स्पर्धांतली ठरावीक दर्जाची कामगिरी, मिळवावे लागतात. नॉर्मचे हे डाव पटासमोर बसून, तासन्‌तास चालणारे असतात. नाकामुरासुद्धा याच दारातून गेलाय.

त्याचीच गोष्ट चिरंजीवांना नीट सांगा, कारण व्हिडिओत ती अर्धीच दिसते. नाकामुराचा जन्म १९८७ चा, जपानमधला, पण तो वाढला अमेरिकेत. सावत्र वडील सुनील वीरमंत्री मूळचे श्रीलंकेचे, स्वतः बुद्धिबळाचे प्रशिक्षक. घरातच असं वातावरण. २००३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो ग्रँडमास्टर झाला. लहानपणी तोही इंटरनेटवर झटपट डाव भरपूर खेळायचा, हेही खरं आहे. पण त्याच वर्षांत तो मोठ्या स्पर्धांमध्ये बसून लांबलचक डावही खेळत होता, हरत होता, हरलेले डाव तपासत होता. अमेरिकेचं अजिंक्यपद त्याने पाच वेळा मिळवलं. २०११ मध्ये काही काळ माजी जगज्जेत्या कास्पारोव्हकडून मार्गदर्शन घेतलं. २०१५ मध्ये त्याचं क्लासिकल रेटिंग २८१६ झालं. व्हिडिओंमुळे तो घराघरांत पोहोचला तो या सगळ्यानंतर. ऑनलाइन स्पीड चेस चॅम्पियनशिप २०१८ पासून सलग पाच वर्षं त्याने जिंकली, तेव्हा त्याच्या पाठीशी पंधरा-वीस वर्षांचं पटावरचं काम होतं.

एक डाव मुलाला मुद्दाम काढून बघायला सांगा. तो घरी वजीर लवकर बाहेर काढत असणार, अशी माझी अटकळ आहे, कारण बुलेट खेळणारी बहुतेक मुलं तेच करतात. २००५ मध्ये नाकामुराने आपल्या ग्रँडमास्टर शशिकिरणविरुद्ध एका मोठ्या स्पर्धेत दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणला होता. मोबाइलवर ही चाल चालून जाते. उंट सी४ वर येतो, एफ७ वर मात बसायची धमकी तयार होते, समोरचा घाईत चुकतो, डाव खलास. पण समोर शांतपणे विचार करणारा माणूस असेल तर तो घोडा सी६ वर आणतो, मग जी-प्यादं एक घर पुढे सरकवतो. वजिराला पळावं लागतं आणि त्याचे मोहरे तोवर आयते बाहेर येतात. तो डाव नाकामुरा हरला. पुढे मोठ्या क्लासिकल स्पर्धांत तो कितीतरी भक्कम सुरुवाती खेळू लागला. मला त्याची खरी सुधारणा इथे दिसते : कुठली चाल मौजेच्या डावातली आणि कुठली स्पर्धेतली, हे त्याने वेगळं केलं.

मग तो इतक्या वेगात खेळतो कसा? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर मास्टर खेळाडू बहुतेक मोहरे जागच्या जागी मांडून दाखवायचा, नवख्याला मोजकेच जमायचे. पण तेच मोहरे कसेही विस्कटून ठेवले की मास्टरची ती आघाडी जवळजवळ संपायची. म्हणजे निव्वळ स्मरणशक्तीचा हा खेळ नाही. आयुष्यभर पाहिलेल्या, तपासलेल्या रचना त्याच्या ओळखीच्या झालेल्या असतात. आपल्याकडच्या जत्रेत निकाली कुस्ती मिनिटात संपते, पण त्या पैलवानाने तालमीत किती वर्षं घाम गाळला ते गावाला ठाऊक असतं, तसंच हे. नुसतं बुलेट खेळून रचना डोक्यात बसत नाहीत, कारण डाव संपला की लगेच दुसरा सुरू. चूक झाली ती कुठे, हे बघायला कुणी थांबतच नाही.

नाकामुराच्या खेळात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. वाईट स्थितीतही तो सहजासहजी डाव सोडत नाही, समोरच्यापुढे प्रत्येक चालीला नवा प्रश्न टाकतो. समोरच्याचं घड्याळ कमी असेल तर मोहऱ्यांची मारामारी टाळून पट गुंतागुंतीचा ठेवतो. सोप्या चालींवर वेळ घालवत नाही आणि वाचलेला वेळ अवघड जागी वापरतो. तुमच्या मुलाने या शेवटच्या गोष्टीतलं पहिलं अर्धंच उचललंय. वेळ वाचवतो, पण वापरत नाही.

वेगाचा पुढे उपयोग होत नाही असंही नाही. २०२२ मध्ये दोनेक वर्षं क्लासिकल न खेळलेल्या नाकामुराला बर्लिनच्या ग्रां प्री स्पर्धेत वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांच्या खास निवडीने, प्रवेश मिळाला आणि त्याने ती स्पर्धा जिंकली. अंतिम लढतीत ग्रँडमास्टर अरोनियनला त्याने हरवलं ते बरोबरी फोडण्यासाठीच्या (टायब्रेकच्या) जलद डावांत. आपला त्रिशूरचा निहाल सरीन २००४ चा, २०१८ मध्ये ग्रँडमास्टर झालेला. ऑनलाइन वेगात त्याला तोड नाही, २०२० ची ज्युनियर स्पीड चेस चॅम्पियनशिप त्याने जिंकली. पण २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा) दुसऱ्या पटावर त्याला वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते क्लासिकल डावांत. त्याच संघात पहिल्या पटावर गुकेश होता. हा मुलगा झटपट खेळाच्या फारसा नादी लागला नाही, सुरुवातीची बरीच वर्षं त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला संगणकाच्या इंजिनपासूनही (चाली सुचवणाऱ्या प्रोग्रॅमपासून) लांब ठेवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण लांब डाव दोघांनाही चुकला नाही.

आता घरी काय करायचं ते. बुलेट एकदम बंद करू नका, आठवड्यातून एखादा तास राहू द्या. बाकीचे दिवस ऑनलाइन खेळायचं तर निदान दहा-पंधरा मिनिटांचा, चालीमागे काही सेकंद वाढणारा डाव, तोही दिवसाला एक किंवा दोन. डाव झाला की वहीत उतरवायचा आणि इंजिन लावण्याआधी स्वतःच्या अक्षरात लिहायचं की मी इथे काय विचार केला होता. हा नियम कडक पाळा. इंजिन आधी लावलं की मुलाचं डोकं बंद होतं. खेळताना इंजिनची मदत तर अजिबात नाही, त्याने खातं बंद पडतं आणि नावही जातं. हत्ती-प्याद्यांचे अंतिम टप्पे त्याला मुद्दाम शिकावे लागतील. बुलेटमध्ये तिथवर पोहोचायच्या आत कुणाचा तरी वेळ संपतो, त्यामुळे ही मुलं त्यात हमखास कच्ची असतात.

तुम्हाला बुद्धिबळ येत नाही असं तुम्ही लिहिलंय. काही बिघडत नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्याला समोर लाकडी पट घेऊन बसवा. एक कोडं मांडू दे. मोहऱ्याला हात लावायच्या आधी त्याने तुम्हाला तोंडी सांगायचं : मी ही चाल करीन, मग तो काय करील, मग मी काय करीन. तुम्ही दोनच प्रश्न विचारायचे. 'समोरच्याने आत्ता ही चाल कशाला केली?' आणि 'तुझी चाल झाल्यावर त्याला तुझं काय मारता येतं?' पहिले काही दिवस तो चिडेल, 'आई, तुला कळत नाही' म्हणेल. तरी विचारत राहा. स्पर्धेतही चाल ठरली की आधी हात मांडीवर ठेवून पुन्हा एकदा पट बघायचा, अशी सवय लागली की त्या शिल्लक मिनिटांचं सोनं होईल.

स्पर्धा मात्र हव्यातच. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी करून घ्या आणि वर्षातून तीन-चार फिडे रेटिंग स्पर्धा निवडा, शक्यतो क्लासिकल. बेळगाव, हुबळी, गोवा, कोल्हापूर, जिथे जाहीर होतील तिथे. मिरजेची गाडी खानापूरवरूनच जाते आणि पुढे सांगली हे तर बुद्धिबळाचं जुनं माहेरघर. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने तिथे पिढ्या घडवल्या, राष्ट्रीय महिला विजेत्या भाग्यश्री साठे तिथल्याच. सुट्टीत चौकशी करायला हरकत नाही. फिडेचं पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात आणि २०२४ पासून यादीतलं सगळ्यात खालचं रेटिंग १४०० आहे. पुढच्या दीड वर्षात, दहावी होईपर्यंत, क्लासिकल यादीत नाव लागलं तर ती खरी सुरुवात. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) दोन वर्षांत ते १८०० च्या आसपास सरकलं, तर मोठ्या प्रशिक्षणाचा विचार तेव्हा मोकळ्या मनाने करू.

शाळा सोडायची नाही. यावर माझं मत ठाम आहे. रेल्वे, तेल कंपन्या यांच्याकडे बुद्धिबळपटूंना खेळाडू म्हणून नोकरी मिळते, पण जागा थोड्या आणि दहावी, पीयूसी किंवा पदवीची अट असतेच. प्रशिक्षक किंवा पंच व्हायचं, तरी शिक्षण लागतं. व्हिडिओंवर पोट भरणारे खेळाडू जगात मोजके आणि त्यांतले बहुतेक आधी मोठे खेळाडू झालेले. शिवाय आपल्या सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना पीयूसीला एकदम इंग्रजी माध्यम येतं, तिथे हुशार मुलंही दोन-तीन महिने गांगरतात. बुद्धिबळाचं समालोचन तो इंग्रजीत ऐकतोच आहे. ऐकलेलं एका परिच्छेदात इंग्रजीत लिहून काढायला सांगा, दोन्ही कामं होतील.

मिस्टरांचा राग मला समजतो. रात्री एकपर्यंत जागणारं पोर वर्गात काय ऐकणार? तेव्हा रात्री दहानंतर मोबाइल त्यांच्या उशाशी, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य करा. पण मोबाइल कायमचा काढून घेतला तर मुलाला एवढंच कळेल की घरच्यांना हा खेळच नको आहे. त्यापेक्षा पुढच्या स्पर्धेला मिस्टरांनीच त्याला घेऊन जावं, दिवसभर तिथे बसावं. बाकीची मुलं एकेका चालीवर किती वेळ देतात ते दोघंही बघतील.

बेंगळुरूच्या फोनचं म्हणाल, तर आगाऊ फी भरू नका. शिकवणारे स्वतः काय रेटिंगचे, एका बॅचमध्ये किती मुलं, आणि तुमच्या मुलाचे हरलेले डाव दर आठवड्याला कोण तपासणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर सरळ आलं तरी शाळा सोडून राहायला पाठवायची घाई नाही, आठवड्यातून एक तास ऑनलाइन शिकवणी आत्ता पुरेशी आहे. बाकीच्या पैशातून एक लाकडी पट, एक डिजिटल घड्याळ आणि स्पर्धांची एंट्री फी नि गाडीभाडं एवढं बाजूला काढून ठेवा.