जर्मनीला निघालेल्या सोलापूरकराला: लाल बावट्याचं काय करायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. आजी बिड्या वळायची, तू सोलापुरात दत्तनगरच्या लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, मोर्चांत वाढलास, कॉलेजात विद्यार्थी संघटनेचं काम केलंस. आता श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी मिळतेय आणि मित्र म्हणतात, ‘हा पण गेला भांडवलदारांकडे.’ विचार विमानतळावर ठेवून यावे लागतात का, असं तू विचारलंयस. मीही सोलापूरच्या पूर्व भागातलीच, इथे जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून ताईच्या अधिकाराने अरेतुरे करते.

मित्रांचं मनावर घेऊ नकोस. त्यातले किती जण हिंजवडीत स्थायिक होतात ते बघच.

माझ्या पाहण्यात माणसाचे विचार सुटतात ते त्याला जाब विचारणारं कुणी उरत नाही तेव्हा. मोर्चाला दांडी मारलीस तर शेजारची अक्का दारातच विचारायची, ‘का रे, दिसला नाहीस?’ इथे कुणी विचारत नाही. मग रात्री फोनवर पोस्टी टाकायच्या आणि आपण अजून तेच आहोत असं समजायचं. म्हणून आल्या आल्या युनियनचं सभासदत्व घे. मोटार आणि यंत्र कारखान्यांत ‘इगे मेटाल’ असते, वर्गणी ढोबळ पगाराच्या 1 टक्का. सभासद आहेस हे मालकाला सांगावं लागत नाही. शिवाय पाच किंवा जास्त कायम कामगार असले की तिथे कामगारांची निवडून आलेली समिती स्थापता येते. तिच्या निवडणुकीत तुझ्या भारतीय पासपोर्टने काही अडत नाही. जादा काम, पाळ्या, नोकरीवरून काढणं, या सगळ्यात मालकाला त्या समितीकडे यावंच लागतं. छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, मूठभर बिड्या बाजूला काढल्या तरी बिडी कंपनीच्या ब्रँचवर तोंड उघडायची सोय नसलेल्या बायका आपण पाहिल्यात. त्यांच्या नातवाने या समितीत बसावं, यापेक्षा विचार टिकवणं वेगळं काय असतं?

फक्त पहिले सहा महिने डोकं शांत ठेव. तेवढ्यात नोकरीवरून काढणं मालकाला सोपं असतं, आणि ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) पहिल्या वर्षात नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. हे भित्रेपण नाही, हिशोब आहे.

‘तडजोड’ या गोष्टीचा तू फार बाऊ करतोस असं पत्रावरून वाटलं. आपले माकपचे नेते आडम मास्तर, त्यांच्याकडे बघ. त्यांच्या लढ्यातून बिडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं उभी राहिली, 2006 साली मनमोहन सिंग उद्घाटनाला आले. त्यानंतरच्या रे नगर या कामगार वसाहतीच्या तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये मोदींच्या हस्ते मिळाली. 2019 मध्ये त्याच प्रकल्पाच्या कार्यक्रमात मास्तरांनी मोदींचं कौतुक केलं, तर पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. पक्षाचं बरोबर की मास्तरांचं, यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात. मी मास्तरांच्या बाजूची. घरात राहायला गेलेल्या बाईला चावी कुणी दिली याने फरक पडत नाही.

तुझी खरी परीक्षा पहिल्या पगाराच्या पावतीला होईल. कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा कापून हातात येतं ते बघून पोटात गोळा येतो. दवाखाना सगळ्यांना फुकट हवा म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेली माणसं इथे जेवणाच्या टेबलावर ‘आमच्या पैशावर हे निर्वासित’ असं बोलताना मी ऐकलीत. आपलीच, मराठी, गणपतीच्या मंडळातली. आणि त्याच मंडळात ‘इथे राजकारण नको हं’ म्हणत आडनाव खोदून खोदून विचारतात, तेही चालू असतं. उत्तर देऊ नकोस, ‘सोलापूर’ एवढंच सांग.

आता कागदपत्रं. निघण्याआधी पासपोर्टवर सोलापूरचाच पत्ता आहे ना बघ. त्या पत्त्यावर फॉर्म 6ए भरून परदेशस्थ मतदार होता येतं. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं, इथून सोय नाही. जर्मनी 2024 पासून दुहेरी नागरिकत्व देते, पाच वर्षांत अर्जही करता येतो, पण भारत ते मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतलास की भारतातलं मत गेलं. मग मिळतं ते ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं; त्यावर मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पक्षाच्या वर्गणीचंही तेच: भारतीय पासपोर्ट असेपर्यंत तू स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत, ओसीआय झाल्यावर धरले जातात, आणि राजकीय पक्षाला विदेशी देणगी घेताच येत नाही. उलट बाजूही आहे: जर्मन नागरिक झाल्याशिवाय तुला इथल्या नगरपालिकेचंही मत नाही. जिथे कर भरतोस तिथे मत नसणं मला जास्त टोचलं, म्हणून मी अर्ज केला. घरच्यांना ते आवडलं नाही.

आणि जर्मन शीक, सोलापुरातूनच सुरू कर. बी1, म्हणजे भाषेची मधली पातळी, झाली तर ब्लू कार्डावर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळतं, नुसत्या ए1 या सुरुवातीच्या पातळीवर 27. कार्यालयात इंग्रजीवर भागेल, पण कामगारांच्या सभेत तासभर सगळं जर्मनमधूनच चालतं, आणि तिथे नुसतं टाळ्या वाजवायला तू जाणार नाहीस.