नवीन नोंदणी करू नका, जुनीच दुरुस्त करून घ्या

ताई, वडिलांचे पीएम-किसानचे (केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचे) हप्ते थांबल्याची तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. आईच्या नावावर पीएम-किसानची नोंद 2019ची, सुरुवातीचे हप्ते मिळाले, लॉकडाऊनमध्ये ते बंद झाले. आणि आता तुमचा सेवा केंद्रवाला म्हणतो, "जुनं सोडा, नवीन नोंदणी टाकू." कृपा करून टाकू नका.

26 मार्च 2020ला केंद्राने जाहीर केलं की 8.7 कोटी शेतकऱ्यांना 2,000चा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मिळेल. आमच्या गावात बहुतेकांना मेसेज आले, आईला नाही. त्या वेळी कलिंगडं वावरात पडून होती, गाडी मिळत नव्हती, व्यापारी फोन उचलत नव्हता. बियाण्यासाठी ते 2,000 आम्हाला फार मोठे होते.

खरं तर उत्तर समोरच होतं. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने आईच्या त्याच खात्यात महिलांच्या जनधन खात्यांसाठीच्या लॉकडाऊन मदतीचे 500 जमा होत होते. म्हणजे खातं चालू होतं, चूक नोंदीत होती. 2019चा कागदी फॉर्म ऑनलाइन भरताना कुणीतरी आधारचा एक आकडा चुकवला होता. डिसेंबर 2019पासून आधार जुळल्याशिवाय पैसे मिळेनात, तोवर ते खपून गेलं.

मी तालुक्याच्या एका कार्यालयात पाच चकरा मारल्या. हे आमचं काम नाही, पलीकडे जा. पलीकडचे म्हणायचे, यादी त्यांच्याकडे आहे. शेवटी तिथल्याच एकाने सुचवलं, नवीन नोंदणी करा, लवकर होईल. मी केली. ती मंजुरीसाठी कित्येक महिने अडकली आणि जुनी नोंद दुबार म्हणून बंद झाली.

ही चूक आम्हाला सगळ्यात महागात पडली. जुन्या नोंदीतला दोष निघाला तर अडकलेले हप्ते मागाहून मिळतात, योजनेच्या नियमातच तसं आहे. नवीन नोंदणीला मात्र ज्या चार महिन्यांच्या हप्त्यात नाव चढलं तिथपासूनच पैसे. आईचे आधीचे हप्ते कायमचे गेले. आणि आधारचा आकडा तेव्हा पीएम-किसानच्या पोर्टलवर शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येत होता! हे त्या पाच चकरांत एकानेही सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही. टायपिंग त्यांचं चुकलं, रांगेत साठीच्या बाईला उभं केलं.

मी काही अधिकारी नाही, पोर्टलवरचे पर्यायही बदलत असतात, तेव्हा खात्री करून घ्या. पण माझं मत पक्कं आहे: आधी पोर्टलवरच्या स्टेटसमध्ये आधार आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा, मग दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नसतं. 155261 हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर तारीख वहीत लिहून ठेवा.

एक मात्र बघा. वडील आयकर भरत असतील किंवा महिना 10,000 किंवा त्याहून जास्त पेन्शन घेत असतील तर या पैशांच्या मागे लागू नका. आमच्या शिवारात दोघांना वसुलीच्या नोटिसा आल्या, खर्च झालेले पैसे परत भरावे लागले.

स्टेटसमध्ये नेमकं काय लिहून येतंय ते इथे टाका. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' (आरएफटी म्हणजे पैसे पाठवण्याची विनंती) असेल तर राज्याकडून पुढे गेलंय, थोडं थांबा. आधार नंबर तेवढा झाकून टाका.