पान मोठे केले की मांडणी का बदलते?

प्रश्न : मी संकेतस्थळांची मांडणी करतो. संगणकावर ‘कंट्रोल’ आणि अधिकचे चिन्ह दाबून पान २०० टक्के केले की तीन स्तंभांचा मजकूर एकाच स्तंभात येतो. फोनवर दोन बोटांनी तेच पान मोठे केले तर मांडणी हलत नाही. फायरफॉक्समध्ये एका वाचकाने फक्त अक्षरे मोठी केली, तेव्हा बटणांवरचा मजकूर कापला गेला. यात चूक कोठे आहे? झूमच बंद ठेवावा का?

उत्तर : झूम मुळीच बंद करू नका, ज्यांची नजर अधू आहे त्यांचे वाचन बहुधा त्यावरच अवलंबून असते. तुम्ही वर्णन केलेले तीन झूम मुळातच वेगळे आहेत आणि चूक फक्त तिसऱ्या ठिकाणी आहे.

पहिल्या प्रकारात ब्राउझर सीएसएस पिक्सेलचाच, म्हणजे पानाची मांडणी ज्या एककात मोजली जाते त्याचाच, आकार वाढवतो. त्यामुळे १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत २०० टक्के झूमला मांडणीसाठी ६४० पिक्सेलच उरतात, मीडिया क्वेरीलाही (रुंदी पाहून मांडणी निवडणाऱ्या नियमालाही) तेवढीच रुंदी दिसते आणि अरुंद पडद्याची मांडणी लागू होते. हे अपेक्षितच आहे. ४०० टक्क्यांना ही रुंदी ३२० वर येते, आणि २०१८ साली आलेल्या वेब आशय सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा अशी की, नकाशे किंवा मोठे तक्ते यांसारखे अपवाद वगळता, एवढ्या रुंदीतही वाचकाला आडवे सरकवत वाचावे लागू नये. रुंदीचा विचार बहुतेक जण करतात, उंचीचा मात्र राहून जातो. १०२४ पिक्सेल उंचीचे त्या वेळी २५६ होतात, आणि वर चिकटून राहणारी ८० पिक्सेलची पट्टी जवळजवळ एक तृतीयांश जागा अडवून बसते. अशा वेळी ती पट्टी मजकुराबरोबर सरकू द्यावी. अक्षरांचा आकार केवळ ‘व्हीडब्ल्यू’ (खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग) या एककात दिला असेल, तर झूम केल्यावर खिडकीची सीएसएस रुंदी त्याच प्रमाणात घटते आणि अक्षरे आहेत तेवढीच राहतात. त्यात ‘रेम’ची, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकारावर मोजणाऱ्या एककाची, जोड हवीच.

बोटांचा झूम हे निव्वळ भिंग आहे. मांडणी मूळ रुंदीवरच ठरलेली असते, तिचा दिसणारा भाग तेवढा लहान होतो आणि मीडिया क्वेरीला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘युझर-स्केलेबल=नो’ लिहून तो अडवण्याची पद्धत आयओएस १० पासून सफारी जुमानत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता तुमची बटणे. केवळ अक्षरे वाढली की पिक्सेलमध्ये बांधलेली चौकट वाढत नाही. तिची उंची ४० पिक्सेल ठरवून ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेर जाणारा मजकूर लपवा) दिले असेल, तर दुसरी ओळ नाहीशी होते आणि देवनागरीत त्याआधीच रफार नि उकार छाटले जातात. म्हणून ‘हाइट’ऐवजी ‘मिन-हाइट’ (किमान उंची) वापरावी, आतली मोकळी जागा ‘एम’मध्ये (त्याच मजकुराच्या अक्षर-आकारावर मोजणाऱ्या एककात) द्यावी आणि ओळींमधील अंतर एकक न लावता, अक्षर-आकाराच्या पटीत लिहावे. क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा मूळ आकार वाढवणाऱ्या वाचकांची अडचण याच्या उलट असते : तिथे पिक्सेलमध्ये लिहिलेली अक्षरे तशीच राहतात, ‘रेम’मधली मात्र वाढतात. त्यामुळे एका ब्राउझरमध्ये केलेली तपासणी पुरेशी मानू नये. फायरफॉक्समध्ये अक्षरे दुप्पट करून आणि क्रोममध्ये मूळ आकार सर्वांत मोठा ठेवून तीच बटणे पुन्हा पाहावीत.