१४० डिस्ट्रिब्युटर आणि ४०१(के)चं कर्ज

प्रश्न : मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. वय ५२, मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. घरी १९६६ची मस्टँग आहे, हौसेनं सांभाळलेली. ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक गॅरेज बंद करताहेत. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांचे १४० इग्निशन डिस्ट्रिब्युटर (इंजिनच्या सिलिंडरांना पाळीपाळीनं ठिणगी पोचवणारा भाग) आहेत, बहुतेक मॅलरी आणि अ‍ॅक्सेलचे. सगळा माल २२,००० डॉलरला द्यायला ते तयार आहेत. ऑनलाइन एका नगाला ३५० डॉलर भाव दिसतो, म्हणजे ४९,००० सुटतील. १५,००० डॉलर ४०१(के)वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचतीच्या खात्यावर, कर्ज काढून आणि ७,००० अडीअडचणीच्या बचतीतून घालावेत असा विचार आहे. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. घेऊ का?

उत्तर : या भावाला नको, आणि या पैशातून तर नकोच. पण तुमच्या प्रश्नात एक चांगला व्यवहारही दडलेला आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी ते ३५० डॉलर. हा विक्रेत्यानं मागितलेला भाव आहे. ईबेवर ‘विकलेले’ एवढंच फिल्टर लावून त्याच मॉडेल क्रमांकाचे नग पुन्हा शोधा. महिनोन्महिने तसेच पडून असलेले नग यादीत पहिल्यांदा दिसतात, आणि आपण त्यांच्या किमतीलाच बाजारभाव समजून बसतो.

या मालाला एकेकाळी एवढा उठाव का होता, ते तुम्हाला माहीत आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे मारतं तेव्हा डिस्ट्रिब्युटरला सेकंदाला ४०० ठिणग्या वाटाव्या लागतात. पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, एकच जोडी असली तर ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल पुरती भरायला वेळच मिळत नाही आणि ठिणगी मरगळते. म्हणून ड्युअल-पॉइंट : एक जोडी उघडते तोवर दुसरी मिटलेली असते, तेवढा वेळ कॉइलला जास्त मिळतो. १९५५ साली शेवरोलेचा स्मॉल-ब्लॉक व्ही-८ आला आणि शर्यतीच्या वेडापायी मूळ डिस्ट्रिब्युटर काढून मॅलरीसारख्या बाहेरच्या कंपन्यांचे असे बसवणारी एक अख्खी पिढी तयार झाली. मग १९७५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिलं आणि पॉइंट घासत बसण्याचा जमाना सरला. (पद्मिनी चालवलेल्यांना बॉनेट उघडून पॉलिश पेपर फिरवणं आठवत असेल.)

आज गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एकाला गाडी नीट चालायला हवी आहे. तो शंभरेक डॉलरच्या आतला नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घेतो किंवा जुन्याच्या टोपीखाली पॉइंटऐवजी चालणारं परट्रॉनिक्सचं इलेक्ट्रॉनिक किट बसवून मोकळा होतो. तुमच्या ड्युअल-पॉइंटकडे तो वळणार नाही. त्यातल्या शर्यतीच्या नगांना बहुधा इंजिनवर भार कमी असताना ठिणगी आधी पाडणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नसतो, त्यामुळे रोजच्या रस्त्यावर पेट्रोलही जास्त जातं. दुसऱ्याला साठच्या दशकातली हॉट रॉड (वेगासाठी फेरफार केलेली गाडी) त्या काळातल्याच सुट्या भागांनी सजवायची आहे. तो पैसे देतो, पण त्याला डबा, कागद, न वापरलेला नग असं सगळं हवं असतं, आणि अशी माणसं थोडी. बरीचशी साठी-सत्तरीची. वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, उसळणारी गर्दी गाड्या बघायला येते, डिस्ट्रिब्युटर घ्यायला नव्हे.

आणि खरी मजा अशी की जास्त किंमत कित्येकदा कंपनीच्या मूळ नगाला येते. कॉर्व्हेट मूळ अवस्थेत आणणाऱ्याला डेल्कोचा (जनरल मोटर्सचाच ब्रँड) असा डिस्ट्रिब्युटर लागतो, ज्याच्यावर ठोकलेली तारीख गाडी बनण्याच्या थोडीच आधीची असेल. तुमच्या मस्टँगच्याच घराण्यातलं के-कोड २८९ इंजिन घ्या. त्याचा ऑटोलाइटचा ड्युअल-पॉइंट डिस्ट्रिब्युटर फोर्डनंच दिलेला, व्हॅक्यूमशिवायचा. ‘बहुतेक मॅलरी आणि अ‍ॅक्सेल’ म्हणता, तर बाकीचे कोणते? त्या उरलेल्यांची यादी माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची.

आता गोळाबेरीज. हे माझे ठोकताळे आहेत. तुमचे आकडे आले की बदला. १४० पैकी ३० नग खरोखर उत्तम निघाले आणि सरासरी ३५०ला गेले : १०,५००. सत्तर मध्यम, १२० डॉलरनं : ८,४००. उरलेले ४० सुट्या भागांच्या भावात, समजा १,०००. एकूण १९,९००. त्यातून साइटचं कमिशन, पॅकिंग, पोस्ट आणि परत आलेले नग यांच्यापोटी पाचवा हिस्सा वजा केला तर हातात १६,००० पडतात. तेही दोन-तीन वर्षं शनिवार-रविवार घालवून. २२,०००ला हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

४०१(के)बद्दल. नियमानं खात्यात तुमच्या हक्काची जी रक्कम आहे तिच्या निम्मी किंवा ५०,००० डॉलर, यातली कमी तेवढी कर्जाऊ मिळते आणि सहसा पाच वर्षांत फेडायची असते. व्याज आपलंच आपल्याला, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत खात्यात परत घालावी लागते. नाही जमलं तर ती काढलेली धरून आयकर लागतो, आणि साडेएकोणसाठच्या आत असल्यानं बहुधा वर १० टक्के दंड. तुमचा पगार मोटार कंपनीतून येतो, घर डेट्रॉइटच्या पट्ट्यात, आणि आता माल जुन्या मोटारींचा. मंदी आली तर नोकरी, घराची किंमत आणि गिऱ्हाईक तिन्ही एकाच वेळी आजारी पडतील. मुलीच्या पहिल्या सेमिस्टरच्या तोंडावर बचतीचे ७,००० डॉलरही लोखंडात अडकलेले असतील, ते वेगळंच.

कराचंही एक आहेच. नियमित विक्री म्हणजे धंदा. नफ्यावर आयकर, शिवाय स्वयंरोजगाराचा सुमारे १५.३ टक्के. हौस म्हणून दाखवलं तर स्वॅप-मीटचं (जुन्या सुट्या भागांच्या बाजारातलं) टेबल नि प्रवास यांसारखे खर्च वजा होत नाहीत, उत्पन्न मात्र दाखवावंच लागतं.

मग काय करावं? त्या मेकॅनिकना सांगा, मी तुमचा माल विकून देतो, विक्रीच्या ३५ टक्के माझे. भांडवल शून्य, माल त्यांचा, कष्ट आणि जाणकारी तुमची. इंजिनिअर आहात, वेळ आणि डोळा तुमच्याकडे आहे. खरं तर या व्यवहारात तुमची पुंजी तीच. सुरुवात दहा नगांनी करा. शाफ्ट बोटानं आडवा हलवून पाहा, खेळ जाणवला की शाफ्टला धरून ठेवणारं बुशिंग गेलं. टोपीच्या आत पेन्सिलनं ओढल्यासारख्या काळ्या रेषा दिसल्या तर वीज तिथून पळते आहे. त्या मॉडेलची टोपी आणि रोटर आज नवे मिळतात का हे आधी शोधा, कारण ते मिळत नसतील तर चांगला डिस्ट्रिब्युटरही शोभेची वस्तू. मॅलरीचे युनिलाइट (पॉइंटऐवजी प्रकाशावर चालणारे) असतील तर त्यांचं ऑप्टिकल मॉड्यूल चालू करून दाखवल्याशिवाय चांगल्यात धरू नका, ते विजेच्या झटक्याला फार नाजूक. जवळपास कुणाकडे सन कंपनीचं जुनं डिस्ट्रिब्युटर टेस्टिंग मशीन असेल तर तासभर मिळवा; फेऱ्यांगणिक अ‍ॅडव्हान्स किती येतो याचा कागद जोडलेला नग जाणकाराला जास्त विश्वासाचा वाटतो.

दहा नग विकायला सहा महिने लागले, तर १४०ला किती लागतील ते तुमचं तुम्हाला कळेल.

कमिशनला ते तयार नसतील आणि तुमचा जीव राहत नसेल, तर निवडून ३० नग घ्या. सहा हजारांच्या वर जाऊ नका, आणि तेही पगारातून साठवलेल्या पैशातून. मागितले त्यापेक्षा फार कमी वाटेल त्यांना. वाटू द्या, २२,००० देणारा दुसरा कुणी दारात उभा असता तर माल आतापर्यंत गेला असता. पावतीवर प्रत्येक नगाचा क्रमांक मात्र लिहून घ्या. कर भरताना खरेदीची किंमत सिद्ध करायला तोच कागद लागेल.