कारागिराला विचारा : काचेखालचा पिनबॉल

प्रश्न : काकाजी, आमचे मोठेबाबा शिकागोकडे नोकरीला होते. गावी परतताना त्यांनी सामानात एक टेबल आणलं. दिसायला बैठकीतलं टेबल, पण काचेखाली पिनबॉलचा खेळ आहे. त्यावर 'गेम प्लॅन' आणि 'ब्लॅक व्हेल्वेट' अशी नावं आहेत. ते वारल्यापासून टेबल कापूस भरायच्या खोलीत पडून होतं. आता दुरुस्त करून खेळायचा विचार आहे. डावा फ्लिपर, म्हणजे गोळी टोलवणारा दांडा, तेव्हाच मंद उठायचा. गावातले वायरमन म्हणतात, तेल सोडा आणि लावा प्लगला. आजी म्हणते, "हे त जुगाराचं मशीन, घरात काहून ठेवता?" काय करावं?
— एक वाचक, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : ताई, तेलही सोडू नका आणि प्लगलाही लावू नका.

ब्लॅक व्हेल्वेट ही कॅनडाची व्हिस्की. गेम प्लॅन या इलिनॉयमधल्या कंपनीने 1978 मध्ये तिच्या नावाचं टेबल काढलं, आणि त्याच वर्षी कॅमल लाइट्स या सिगारेटच्या नावाचंही. बारमध्ये गिऱ्हाइकाने बसून खेळावं, काचेवर पेला ठेवावा, असा त्याचा बेत. ते येऊन पडलं दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात! असो. उभी पिनबॉल मशीन पुष्कळ निघाली, ही बसकी टेबलं फार थोडी. तेव्हा भंगारवाल्याच्या नजरेला पडू देऊ नका.

आधी मागचं लेबल वाचा. 110 किंवा 120 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 वर ते क्षणात जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, 500 व्हीएचा पुरतो, आणि अर्थिंग पक्की करा. स्टेप-डाउन व्होल्ट कमी करतो, विजेची सायकल (हर्ट्झ) बदलत नाही. तिकडे 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल. रात्री शेतीपंप बंद झाले की गावात व्होल्टेज चढतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. स्टॅबिलायझर लावा.

पण त्याही आधी आत डोकवा. कापसाच्या खोलीत होतं म्हणजे रुई, उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी निघणारच. रुई ब्रशने काढा. एक ठिणगी पडली तर काय होईल हे कापूसवाल्या घराला मी काय सांगू! मग मुख्य बोर्ड पाहा, झेड-80 प्रोसेसरचा. त्यावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती इतक्या वर्षांत गळते आणि तिचं अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा. तिथे पाणी घातलेलं व्हिनेगर मऊ ब्रशने लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन दिवस सुकू द्या. नवे सेल बोर्डापासून लांब, वेगळ्या खोक्यात बसवा आणि मध्ये डायोड टाका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. नाहीतर बोर्ड साध्या सेललाही चार्ज करू पाहील.

आता फ्लिपर. हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा लांबवतो. त्याच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं फटका मारायला, बारीक तारेचं दांडा वर धरून ठेवायला. दांडा पूर्ण उठला की एक छोटा स्विच उघडतो आणि जोर बारीक तारेवर जातो. तुमचा फ्लिपर मंद आहे, म्हणजे बहुतेक त्या स्विचचे पॉइंट काळे पडलेत. ते बारीक कानशीने घासा, चालतं. पण खेळाच्या पाटीखालच्या बाकी स्विचना कानशी लावू नका. त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. लग्नपत्रिकेची पट्टी पॉइंटमध्ये घालून हलके दाबा आणि ओढा, मळ पट्टीवर येतो. उलट, फ्लिपरचा स्विच उघडतच नसेल तर जाड वाइंडिंगमधून करंट वाहत राहतो आणि कॉइल जळते. जळलेल्या पंपाच्या मोटरचा वास ओळखता ना, तोच येतो.

तेल का नको? प्लंजर, म्हणजे कॉइलमधला लोखंडी गज, नायलॉनच्या नळीत कोरडाच सरकतो. तेलाने धूळ चिकटते आणि आठवड्यात राळ होते. नळी झिजली असेल तर बदला.

कॉइल जळलीच असेल तर कोणताही मोटर भरणारा भरून देईल. फक्त कॉइलवरचा कागद फाडू नका, त्यावर गेज (तारेच्या जाडीचा नंबर) आणि फेरे छापलेले असतात. ते गेज अमेरिकन. तिथे 25 असेल तर आपल्या बाजारातली 25 नंबरची तार घेऊ नका, ती जाड पडते. अमेरिकन 25 म्हणजे साधारण 0.455 मिलिमीटर, एसडब्ल्यूजी या आपल्याकडच्या तारेच्या मापात 26. मायक्रोमीटरने मोजूनच घ्या. कॉइलवरचा डायोड होता तसाच बसवा, त्यावरचा पट्टा त्याच बाजूला. उलटा बसला तर फ्यूज किंवा ट्रान्झिस्टर गेला समजा.

बल्ब 6.3 व्होल्टचे. 44 नंबरचा बल्ब 250 मिलिअँपिअर खातो, 47 नंबरचा 150. 47 लावा, पाटी कमी तापते. रबर सगळं बदला. आणि घरात कॅरम आहे म्हणून या पाटीवर पावडर टाकू नका, फटीतून थेट स्विचांत उतरेल.

आजीचं म्हणणं वावगं नाही. न्यूयॉर्कच्या महापौर ला गार्डियांनाही तसंच वाटलं होतं. तिथे 1942 पासून 1976 पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. फ्लिपर आले 1947 मध्ये, त्याआधी गोळी सोडली की नशीब. 1976 मध्ये रॉजर शार्प या पिनबॉलपटूंनी नगर परिषदेपुढे खेळून दाखवलं की यात कसब आहे, आणि बंदी उठली. आजीला तेच कसब दाखवा. दोन्ही बटणं धपाधपा मारायची नाहीत. डावा फ्लिपर वर धरून गोळी त्याच्या कुशीत थांबवा, मग सोडा. दांड्याच्या बुडाशी असताना मारली तर ती डावीकडे जाते, टोकाशी येऊ दिली तर उजवीकडे. टेबल थोडं हलवलेलं चालतं. जास्त हलवलंत तर आत गवंड्याच्या ओळंब्यासारखा लंबक आहे, तो कड्याला टेकला की ती गोळी गेली.