बीप वाजल्यावर डोक्यात कोण बोलतं?

"मॅडम, सराव भरपूर आहे, हात स्थिर आहे, पण मॅच सुरू झाली की डोक्यात कुणीतरी सारखं बोलत असतं. ते बंद कसं करायचं?"

मी समुपदेशक. नेमबाजांकडून हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. कोल्हापूर-पुण्याकडची एअर रायफल मारणारी शाळकरी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात. इथे ज्यांची हकिगत सांगते आहे ते मात्र वेगळ्या नेमबाजीतले. मूळचे सांगलीचे, आता टेक्सासमध्ये, सॉफ्टवेअरच्या नोकरीत, वय चाळिशीच्या पुढे. आमच्या भेटी व्हिडिओवर होत. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते खेळतात त्या प्रकाराला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. आपल्याकडे तो फारसा माहीत नाही. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कोलंबिया इथे स्थापन झाली. हे गृहस्थ यूएसपीएसए या अमेरिकी संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या स्थानिक मॅचेस खेळतात. यात एका जागी उभं राहून एका टार्गेटवर नेम धरायचा नसतो. भिंती, खिडक्या, पिंपं मांडून 'स्टेज' उभी केलेली असते. टायमरचा बीप वाजला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, एका जागेवरून दुसऱ्या जागी धावायचं, वाटेत मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली गोळ्यांची पेटी, बदलायचं आणि पुठ्ठ्याच्या तपकिरी टार्गेटवर बहुतेक वेळा दोन-दोन गोळ्या मारायच्या. मोठ्या स्टेजला ३२ पर्यंत गोळ्या लागतात. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो 'हिट फॅक्टर'. त्यांच्या गटात मधल्या ए भागात गोळी लागली तर ५ गुण, सी भागात ३, डी भागात १. गोळी हुकली की १० गुण वजा. मध्येच पांढरी 'नो-शूट' टार्गेटं उभी असतात. त्यांना गोळी लागली तरी १० वजा.

म्हणजे वेग आणि अचूकपणा एकमेकांना सतत ओढत असतात, आणि डोक्यातल्या बोलण्याला याहून आवडती जागा नाही.

ते माझ्याकडे आले ते मात्र गुण कमी पडले म्हणून नव्हे. एका मॅचमध्ये एक गोळी हुकल्याचं त्यांना जाणवलं. पुढच्या जागेकडे धावता धावता, मॅगझिन बदलत असताना, ते मनात स्वतःला झापत होते. त्या झापण्यात बोट ट्रिगर गार्डमध्येच, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यातच, राहिलं. रेंज ऑफिसरने, म्हणजे मॅचमधल्या पंचाने, "स्टॉप!" म्हटलं. धावताना किंवा मॅगझिन बदलताना बोट आत असणं म्हणजे थेट अपात्र. त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या स्टेजेस गेल्या. कुणाला इजा झाली नव्हती. पण घरी जाताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि नंतर कितीतरी दिवस नीट झोपले नाहीत.

पहिल्याच भेटीत मी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, शस्त्र हाताळण्याच्या सवयी मी शिकवू शकत नाही. ते काम त्यांच्या क्लबातल्या जाणत्या प्रशिक्षकाचं, आणि तिथे ते नक्की झाल्याशिवाय पुढच्या मॅचचं नाव काढायचं नाही. दुसरी गोष्ट मी थेट विचारली: स्वतःला संपवण्याचे विचार कधी येतात का? ज्याच्या घरात बंदूक आहे आणि जो रात्र रात्र स्वतःला बोल लावतो आहे, त्याला हे विचारायला समुपदेशकाने बिचकू नये. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. त्यांनी शांतपणे "नाही" म्हटलं, पत्नीनेही तसंच सांगितलं, आणि मगच आम्ही खेळाकडे वळलो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर "हो" असेल तर मॅच, सराव सगळं बाजूला ठेवून आधी मदत मागा. शस्त्र काही काळ घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे किंवा सुरक्षित ठेवणीत जाऊ द्या. भारतात १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे, अमेरिकेत ९८८.

मग मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. सरावातली प्रत्येक स्टेज संपली की गुण बघायच्या आधी, डोक्यात जे जे बोललं गेलं ते तसंच्या तसं उतरवायचं. शुद्ध भाषेत नाही, जसं ऐकू आलं तसं.

वही वाचताना मला त्यात वेगवेगळे आवाज दिसले. एक होता कामाचा: "डावीकडे दोन, मग खिडकी." एक धाक घालणारा: "पांढऱ्याला लावू नकोस हं." एक निकाल देणारा: "गेली! लक्ष कुठाय तुझं?" आणि एक हिशेब मांडणारा: "ही स्टेज नीट गेली तर आज पहिल्या पाचात." हे चारही जण एकाच वेळी, वीस-पंचवीस सेकंदांत बोलत. माणसाने बघायचं कधी?

"लक्ष कुठाय तुझं?" हे वाक्य वाचून दाखवताना ते थबकले. ते त्यांच्या वडिलांचं होतं. अण्णा गणित घेत, आणि उत्तर चुकलं की पाटी तशीच समोर धरून हे विचारत. इथून बालपणात शिरता आलं असतं. मी मुद्दाम शिरले नाही. आतल्या प्रत्येक कडक आवाजाचं मूळ खणून काढलंच पाहिजे असं मला वाटत नाही. अण्णांबद्दल त्यांच्या मनात माया होती, तक्रार नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की हे वाक्य पिस्तूल हातात असताना येऊ नये. तेवढ्या कामाला बालपण लागत नाही.

त्यांचा आधीचा उपाय काय होता? "गप्प बस" असं मनातल्या मनात म्हणायचं. बहुतेक जण हेच करतात आणि इथेच फसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिलं. विचार दाबायचा म्हटलं की मनाचा एक कोपरा तो आला का हे तपासत बसतो, आणि तपासण्यातच तो येतो. घाई किंवा ताण असेल तर जास्तच. "नो-शूटला लावू नकोस" हे वाक्य असंच काम करतं. सायकल शिकताना खड्ड्याकडे बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं, तशी नजर त्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे जाते, आणि पिस्तूल नजरेमागे जातं.

म्हणून आम्ही ठरवलं, आवाज बंद करायचा नाही. त्याला वेळ नेमून द्यायची आणि काम नेमून द्यायचं.

स्टेज सुरू होण्याआधी सगळ्यांना ती चालून बघायला मिळते. इथे आवाजाला मोकळं रान. हवं तेवढं बोलू दे, फक्त काय टाळायचं हे न सांगता काय करायचं हे सांगू दे. "पांढऱ्याला लावू नकोस" याऐवजी "तपकिरीचा वरचा डावा कोपरा बघ". मग बाजूला उभं राहून, डोळे मिटून, पूर्ण स्टेज डोक्यात चालवायची: कुठे पाय थांबणार, कुठलं टार्गेट कुठून दिसणार, मॅगझिन कुठल्या पावलाला बदलणार. हे इतक्या वेळा की पुढे सांगायला काही उरूच नये. मॅचमधलं बरंचसं बोलणं अर्धवट पाठ झालेल्या योजनेतून येतं, असं माझं मत या केसनंतर पक्कं झालं.

बीपआधी रेंज ऑफिसर तीन सूचना देतो. "मेक रेडी" म्हटल्यावर एकच वाक्य, तेही त्यांनी स्वतः निवडलेलं: "नीट बघ, हात करतील." "आर यू रेडी"ला काही नाही. "स्टँड बाय"ला नजर पहिल्या टार्गेटवर, तेही अख्ख्या टार्गेटवर नाही, त्यावरच्या नाण्याएवढ्या जागेवर. मग बीप.

बीपनंतर काय? खरी कसोटी इथेच. आवाज गोळी मारताना फारसा येत नाही, तो फटींतून येतो: धावताना, मॅगझिन बदलताना. त्या फटींना आम्ही डोळ्यांचं काम दिलं. धावताना पाय जिथे टेकायचे ती जमीन बघायची. मॅगझिन बदलताना पिस्तुलाच्या मुठीचं तोंड बघायचं, आणि बोट बाहेर, स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, कडेला. हे शेवटचं प्रशिक्षकाने रिकाम्या पिस्तुलावर त्यांच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं की ते बोलण्यावर अवलंबून राहिलं नाही. तसंच व्हायला हवं होतं. सुरक्षेची सवय मनाच्या मूडवर टांगलेली चालत नाही.

राहिला "ती गोळी लागली का?" हा प्रश्न. हुकली तर ए भागाचे ५ गुण जातात आणि वर १० वजा, म्हणजे १५ चा फरक. ६ च्या हिट फॅक्टरला तो अडीच सेकंदांच्या किमतीचा. म्हणून शंका येणं साहजिक आहे. पण उत्तर वाद घालून मिळत नाही. गोळी सुटली त्या क्षणी पिस्तुलावरच्या साइटमधला लाल ठिपका कुठे होता हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर उत्तर तिथेच असतं. पुठ्ठ्यावर होता, तर पुढे. उडालेला दिसला, तर लगेच, त्याच जागेवरून अजून एक. जागा सोडल्यावर परत फिरायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवलेलं. निर्णय आधी झाला की धावता धावता खटला चालवावा लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग धीर देणारं बोलणं तरी चालेल ना? "शांत हो, जमेल तुला." ग्रीसमधले अंतोनिस हात्झीगिओर्गिआदिस आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. स्वतःशी बोलण्याने कामगिरी सुधारते हे त्यात दिसलं, आणि नाजूक, नेमक्या हालचालींच्या कामात धीर देणाऱ्या वाक्यांपेक्षा कृती सांगणारी वाक्यं जास्त उपयोगी पडली. धीराचं वाक्य वाईट नाही, पण तेही जागा अडवतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅथ्यू एमन्स ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपर्यंत पुढे होते, साधी गोळी लागली तरी सुवर्ण होतं. त्यांनी शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी मारली. शून्य, आणि आठवा क्रमांक. त्यांनी नंतर सांगितलं की त्या वेळी ते स्वतःला शांत करण्यात गुंतले होते आणि टार्गेटवरचा क्रमांक बघायचा राहिला. मी ही गोष्ट प्रत्येक नेमबाजाला सांगते. एमन्स यांना दोष द्यायला नाही, तर त्या दर्जाच्या माणसाचंही बघणं मनातल्या चांगल्या बोलण्याने झाकलं जाऊ शकतं हे कळावं म्हणून.

घरी हे वाचणाऱ्या एअर रायफलवाल्या मुलांनी यातलं सगळं जसंच्या तसं उचलू नये. तुमच्याकडे ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात. दोन गोळ्यांमध्ये बंदूक खाली घेऊन श्वास घ्यायला, एखादं वाक्य म्हणायला जागा असते. ती वापरा. डोळा साइटला लागल्यावर मात्र तुमचाही नियम हाच.

स्टेज संपल्यावरचा भाग आम्ही सर्वांत शेवटी हातात घेतला, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिस्तूल रिकामं करून, दाखवून, होल्स्टरमध्ये जाऊन "रेंज इज क्लिअर" ऐकू येईपर्यंत आवाजाला परवानगी नाही. त्यानंतर रेंज ऑफिसर टार्गेटांजवळून "अल्फा, चार्ली, माइक" (म्हणजे ए, सी, हुकली) असं ओरडत जातो, आणि तिथे पूर्वी यांचं मन पेटायचं. हे बाजूला जाऊन एकटे बसायचे. या खेळात एकाची फेरी झाली की बाकीचे टार्गेटवरची भोकं चिकटपट्टीने बुजवतात, पडलेले पोलादी पत्रे उभे करतात. मी त्यांना सांगितलं, स्वतःची स्टेज झाली की वहीत फक्त 'काय दिसलं' ते लिहा, 'मी कसा' ते नाही, आणि मग चिकटपट्टी घेऊन पुढच्याच्या टार्गेटांकडे जा. हाताला काम, बरोबर चार माणसं, आणि दुसऱ्याची भोकं बघताना कळतं की हुकणं सगळ्यांचंच असतं. ते म्हणाले, "मॅडम, हे तर मी टाळत होतो." अर्थात टाळत होते. ज्याला लाज वाटते तो माणसांपासून आधी दूर जातो.

ते परत मॅच खेळू लागले. एका मॅचमध्ये आधीच्या स्टेजला एक माइक आणि एक डी घेऊन ते पुढच्या स्टेजला उभे राहिले आणि ती पूर्ण स्वच्छ मारली. "आवाज आला का?" मी विचारलं. "आला असेल. मला पुठ्ठ्यावरच्या रेघा आठवतात फक्त." कौशल्यानुसारच्या वर्गवारीत ते होते तिथेच, बी वर्गातच आहेत. झोप लागते.

हिशेबी आवाज मात्र अजून गेलेला नाही. दिवस चांगला चालला असेल तर शेवटच्या स्टेजला तो येतोच, कारण हल्ली प्रॅक्टिस्कोर या गुण नोंदवण्याच्या अ‍ॅपवर सगळ्यांचे निकाल फोनवर दिसतात. त्यावर आमचं काम चालू आहे. सध्या फोन गाडीत असतो, आणि सोबत्यांना त्यांनी सांगून ठेवलं आहे की मॅच संपेपर्यंत मी कितवा आहे हे मला सांगू नका.