भोगीचा बाजार पहिल्यांदा करताय?

ताई, सांगलीच्या बाजारात आधी एक मोकळी फेरी मारा, मगच पिशवी उघडा. पहिल्याच ढिगापाशी सगळं घेऊन टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

वेळ घालवा तो वांग्यांवर. कृष्णाकाठची काटेरी वांगी बघा: देठ हिरवागार, काटे बोटाला टोचणारे, साल तुकतुकीत. आकाराच्या मानानं जड लागलं तर आत बिया जून झालेल्या असतात, ते ठेवून द्या.

- पावटा, हरभरा शेंगांतलाच घ्या. सोललेले दाणे लवकर सुकतात.
- सगळं एकाच भाजीत जातं, किलोकिलोनं नको. पावशेर-पावशेर भरपूर झालं.
- बाजरी आदल्या दिवशीच दळून आणा, जुनं पीठ कडू लागतं.

आणि शेतातून माल घेऊन आलेल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. कुठली वांगी भरायला चांगली, त्याच सांगतील.